आई मत्स्योदरी, यंदा मला जेवू दे

आई मत्स्योदरी, अंबडच्या माशासारख्या टेकडीवर बसून तू अख्ख्या मुलखाची पोटं सांभाळतेस. माझ्याही पोटाकडे बघ. उजव्या बरगडीखाली, पित्ताच्या पिशवीत, बारीक खडे झालेत. तुला आतलं दिसायला सोनोग्राफी लागत नाही, हे मला कळतं. तरी सांगते. तुला नाही सांगायचं तर कुणाला?

ऐक आई.

कळ येते ती बहुतेक रात्रीची. पोळीवर तूप जास्त झालं, दोन भजी खाल्ली, की काही वेळानं बरगडीखाली कुणी मूठ आवळावी तसं होतं. मग ती पाठीत जाते, उजव्या खांद्यापर्यंत चढते. घाम फुटतो, ओकाऱ्या होतात, या कुशीवरून त्या कुशीवर झालं तरी चैन पडत नाही. तेव्हा तोंडात तुझंच नाव असतं. ते भक्तीनं नसतं, भीतीनं असतं. तेवढंही गोड मानून घे.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. पिशवी काढून टाकणं हाच पक्का इलाज, म्हणाले. पण माझ्या हृदयाची झडप अधू, भूल देणं जोखमीचं. मग त्यांनी नीट पाहिलं: खडे 5 मिलिमीटरच्या आतले, एक्स-रेत न दिसणारे, म्हणजे चुना न धरलेले, पिशवी अजून आकसते, नळी मोकळी आहे. अशा मोजक्यांनाच गोळी चालते. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड नाव तिचं. अस्वलाच्या पित्तात हे द्रव्य आधी सापडलं म्हणे. जांबुवंताच्या कुळाचे उपकार! आता ते कारखान्यात बनतं. पित्तातलं कोलेस्टेरॉल कमी करत ती खड्याला हळूहळू विरघळवते. 6 महिने, वर्ष, कधी 2 वर्षं. एवढं होऊन गोळी थांबली की जवळपास निम्म्या लोकांना 5 वर्षांत खडे परत होतात.

तरी तुझे उपकार आहेत आई. एक वाट ठेवलीस. ज्यांनी ही गोळी शोधली त्यांचं भलं कर. सोबत दवाखान्यात येऊन बाकड्यावर तासन्‌तास बसणाऱ्या माझ्या नणंदेचं भलं कर.

मला धीर दे. रोज गोळी घ्यायचा धीर.

आणि नाही म्हणायची ताकद दे. माझी कळ ऐकली की प्रत्येकाकडे औषध निघतं. कुळथाचा काढा घे, पाषाणभेद घे, बादलीभर पाणी पी. माणसं मायेनं सांगतात, पण ते सांगतात मुतखड्याचं. लघवीची वाट वेगळी, पित्ताची वेगळी. पाणी ढोसून पित्ताचा खडा वाहून जात नाही. कुणी ऑलिव्हचं तेल आणि लिंबाचा रस प्यायला सांगतं. सकाळी हिरवे गोळे पडतात, ते बघून माणूस हरखतो. न्यूझीलंडात 2005 साली असे गोळे तपासले, तर 40 अंशांना ते वितळून तेलकट पाणी झालं. पोटात तेलाचाच साबण झाला होता, खडे होते तिथंच. दुखणाऱ्याला आशा विकणं फार सोपं असतं गं आई. मला त्या बाजारातून सोडव.

आता जे मागायला जीव कचरतोय ते मागते.

नवरात्र येईल. घरात घट बसेल, काळ्या मातीत धान उगवेल, रोज विड्याच्या पानांची माळ चढेल. नऊ दिवस उपास धरायची आमच्या घरची रीत. पण जेवणातलं तेल-तूप पोटात आलं की पित्ताची पिशवी आकसून रिकामी होते; उपाशी राहिलं की पित्त तिच्यात साचतं, दाट होतं, नवा खडा धरायला तेवढं पुरतं. आणि उपासाला खायला काय, तर शेंगदाण्याच्या कुटात न्हालेली साबुदाण्याची खिचडी! म्हणून आई, यंदा मला जेवू दे. वेळेवर, थोडं थोडं, वरणभात आणि भाकरी. माळ मी घालीन, दिवा मी विझू देणार नाही. उपासाचं तेवढं माफ कर. सासूबाईंच्या मनातही हे तूच घाल. मी बोलले तर निमित्त वाटेल.

मी लहान आहे. डाळीएवढ्या खड्यापुढं लोळण घेणारी. तुझ्यापुढं काय मोठेपणा करू?

एक शेवटचं. खडा निसटून नळीत अडकला, थंडी वाजून ताप भरला, डोळे पिवळे दिसले, तर माझ्या माणसांना अंगारा शोधत बसू देऊ नकोस. नळीतला खडा तोंडातून दुर्बीण घालूनही काढता येतो, पण वेळ गाठावी लागते. रात्र असो, अपरात्र असो, त्यांना गाडी काढायला लाव आणि मला आधी दवाखान्यात पोचव. तुझ्या पायऱ्या मी बरी झाल्यावर चढीन.