४३२ कोटींचा हिशेब



आजचं वाचन: ऋग्वेद, दहावं मंडल, १२९ वं सूक्त. याला नासदीय सूक्त म्हणतात. फक्त सात ऋचा आहेत. आज अर्थासकट वाचाच.

आधी एक कबुली देतो. हे विश्व कसं निर्माण झालं, याचं पुराणांतलं उत्तर मला पूर्ण पटत नाही. आणि विज्ञानाचं उत्तर मला हवं तिथपर्यंत पोचत नाही. रोज चिंतन लिहिणाऱ्याने असं उघड म्हणावं का, हा विचार बरेच दिवस मनात होता. आज लिहूनच टाकतो.

माझे बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. घरातले देव आईचे, फळा-खडू बाबांचा. शेवटच्या वर्षी त्यांचं डायलिसिस सुरू होतं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. मी लॅपटॉप घेऊन शेजारी बसायचो. एका दुपारी त्यांनी विचारलं, "तू रोज एवढं लिहितोस. हे सगळं कुठून आलं, तुला स्वतःला काय वाटतं?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. तुम्हालाही ते कधीतरी फॉरवर्ड होऊन आलं असेल. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षं. आणि विज्ञान पृथ्वीचं वय सांगतं साधारण ४५४ कोटी. "बघा बाबा, किती जवळ आलं! आपल्या लोकांना आधीच माहीत होतं."

बाबा थोडा वेळ मशीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा कल्प संपला का?"

"नाही. चालू आहे."

"मग दिवस मावळायच्या आत अख्ख्या दिवसाचे तास कसे मोजलेस? किती उलटलाय ते बघ की."

घरी येऊन बघितलं. पूजेच्या संकल्पात आपण श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं युग असं म्हणतो ना, त्या हिशेबाने या कल्पाची साधारण १९७ कोटी वर्षं झाली आहेत. म्हणजे जुळवायचंच तर १९७ आणि ४५४ जुळवायला हवेत. ते काही जुळत नाहीत. रोज सकाळी मी हा संकल्प म्हणतो आणि त्याचं साधं गणित कधी केलं नव्हतं! खरी लाज वेगळीच वाटली. बाबांनी आजारपणात, मनापासून काहीतरी विचारलं होतं, आणि मी त्यांच्याशी वादात जिंकायला गेलो होतो.

पुढच्या खेपेला मी हेच सूक्त मोबाइलवर घेऊन गेलो आणि एकेक ऋचेचा अर्थ त्यांना सांगत गेलो. सुरुवातीला सत् नव्हतं आणि असत् पण नव्हतं. मृत्यू नव्हता, रात्र-दिवसाची खूण नव्हती. अंधारानेच झाकलेला अंधार होता. मग तप, म्हणजे ऊब; मग काम, म्हणजे इच्छा. इथवर बाबा डोळे मिटून ऐकत होते. सहाव्या ऋचेत ऋषी थांबतो आणि विचारतो की हे नक्की कोणाला माहीत आहे, कारण देवसुद्धा सृष्टीच्या नंतरचे. सातवीत तर तो आणखी पुढे जातो. जो वरून हे सगळं बघतो त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल, अशी शंका घेऊन सूक्त तिथेच संपतं.

बाबांनी डोळे उघडले. "हे वेदात आहे?"

"हो."

"कोणी काढून नाही टाकलं?"

नाही टाकलं. उलट याच मंडलात ९० वं पुरुषसूक्त आहे, त्यात विराट पुरुषाच्या यज्ञातून सृष्टी होते. १२१ वं हिरण्यगर्भ सूक्त आहे, त्याची सुरुवात सोन्याच्या गर्भापासून. तिन्ही एकमेकांशी नीट जुळत नाहीत, आणि संकलन करणाऱ्यांनी तिन्ही ठेवली. हे ऐकून बाबा म्हणाले, "हा सातवी ऋचा लिहिणारा माझ्या वर्गात असता तर मला आवडला असता." आमच्या घरात वेदाबद्दल त्यांनी काढलेले हे पहिले चांगले शब्द!

त्यानंतर दोन महिन्यांनी बाबा गेले.

दहाव्याला घाटावरून परतताना चुलतभाऊ म्हणाला, "शून्यातून बिग बँग झाला, सगळं आपोआप आलं. काका हेच मानायचे. कशाला हे विधी?" मला राग आला, पण त्याला उलट ४३२ कोटी सुनावायची आता सोय नव्हती. आणि पुरावा मीही मानतो. १९६४ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर येत होती. आत कबुतरांनी घरटं केलं होतं, ती घाण साफ केली, तरी खरखर तशीच! सगळ्या दिशांनी सारखी. ती आरंभीच्या उष्ण विश्वाची उरलेली ऊब निघाली. मला त्या ऊबेवर शंका नाही.

शंका "शून्यातून" या शब्दावर आहे. सिद्धांत सांगतो की सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व कमालीचं उष्ण आणि दाट होतं, आणि मग प्रसरण पावत गेलं. अगदी पहिल्या क्षणापाशी गणितं चालेनाशी होतात. तिथे शून्य होतं की आणखी काही, हे तो सांगत नाही. तो शब्द भावाने आपल्या पदरचा घातला, जसे मी पृथ्वीचे ४५४ कोटी कल्पाच्या गळ्यात बांधले होते.

गंमत बघा, या कल्पनेचा एक जनक जॉर्ज लमेत्र हा स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ मध्ये पोपनी या सिद्धांताचा संबंध बायबलमधल्या सृष्टीच्या आरंभाशी जोडला, तेव्हा सगळ्यात जास्त अस्वस्थ झाला तो लमेत्रच. विज्ञानाचा सिद्धांत श्रद्धेच्या पुराव्याला जुंपू नये, असं त्याचं मत. आणि आपल्या पुण्यात आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर! जगातले बहुतेक शास्त्रज्ञ बिग बँग मानत असताना ते वर्षानुवर्षं शंका घेत राहिले, पर्यायी मॉडेल मांडत राहिले. ते बहुतेकांना पटलं नाही, पण म्हणून त्यांना कोणी विज्ञानाबाहेर काढलं नाही. बाबांच्या कपाटात त्यांची पुस्तकं अजून आहेत.

भावाला मी यातलं काही बोललो नाही. तोही रडूनच आला होता.

आता सकाळी संकल्प म्हणतो तेव्हा कल्पाच्या नावाशी जरा थांबायला होतं. पूर्वी तो शब्द भर्रकन निघून जायचा. आईने परवा विचारलं, "अडखळतोस का रे तिथे?" मी म्हटलं, "बाबांचं गणित आठवतं." ती हसली आणि निरांजनात तूप घालायला लागली.

उद्या हिरण्यगर्भ सूक्त घेऊ. दहा ऋचा आहेत, आणि पहिल्या नऊंच्या शेवटी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: हवी नेमकी कोणत्या देवाला द्यायची? जमलं तर आधी एकदा वाचून या.