देवाचे फूल आणि चित्राचे फूल

तैलरंगांत लहान लहान चित्रे काढण्याचा नाद आमच्या परिचयाच्या काही घरांत शिरला आहे. वीतभर कापडावर जास्वंदीचे एक फूल, ताटलीतली दोन लिंबे, पाण्याचा तांब्या, क्वचित देव्हाऱ्यातली समई, असे विषय असतात. या नादावर देवळात नित्य येणाऱ्या वडील मंडळींचा एक आक्षेप आमच्या कानी येतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ते म्हणतात, फूल देवाचे. हुंगलेले फूल देवाला चालत नाही. मग जे फूल कोणी दोन तास डोळ्यांनी भोगले ते तरी कसे चालावे? आणि जे देवाला वाहायचेच नाही, ते केवळ आपल्या हौसेखातर खुडण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

आक्षेपाच्या पहिल्या भागाचे उत्तर देवळातच मिळते. म्हार्दोळच्या श्रीमहालसेच्या देवळातील जायांची पूजा ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी तेथील फुलांच्या राशी आठवाव्यात. माळ गुंफणारा प्रत्येक कळी निरखतो, किडलेली बाजूला टाकतो, देठ पाहून दोऱ्यात घेतो. त्याच्या पाहण्याने फूल उष्टे झाले असे आजवर कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. हुंगण्यास मनाई आहे ती पहिला उपभोग आपण घेऊ नये म्हणून. तेव्हा प्रश्न पाहावे की न पाहावे हा नसून, कोणते पाहणे उपभोग आणि कोणते नव्हे, हा आहे.

चित्र काढणाऱ्याचे पाहणे बहुतेक वेळा सुखाचे नसते, हे येथे सांगितले पाहिजे. जाई पांढरी असते असे आपण जन्मभर म्हणत आलो. नळीतला पांढरा रंग घेऊन बसले की पहिल्या घटकेतच कळते, की सावलीकडची पाकळी निळसर आहे, पानाजवळची हिरवट आहे, आणि कळीच्या बाहेरच्या अंगाला गुलाबी छटा आहे. निव्वळ पांढरे असे जेमतेम एका कडेला. जास्वंद सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते. खिडकीतले ऊन तेवढ्यात भिंतीवरून सरकते. तैलरंग मात्र संथ. तो पाण्यासारखा उडून सुकत नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, आणि पातळ थरालाही त्यासाठी कित्येक दिवस लागतात. म्हणून चुकलेला रंग खरवडून पुन्हा लावता येतो. रंग थांबतो, फूल थांबत नाही. अशा बैठकीत माणसाला आपल्याविषयी जे वाटत असते त्यातले बरेचसे गळून पडते. हा उपभोग खास नव्हे.

युरोपात या लहान विषयांची अवहेलना निराळ्या कारणाने झाली. फ्रान्सच्या राजाश्रित चित्रपीठात १६६७ च्या सुमारास फेलिबियाँ या विद्वानाने विषयांची उतरंडच लावून दिली: सर्वांत वर पुराण-इतिहासातले प्रसंग, आणि तळाशी फळे, फुले, भांडी. सुताराचा मुलगा शार्दँ (१६९९–१७७९) त्याच पीठात १७२८ मध्ये घेतला गेला तो जनावरे आणि फळे रंगवणारा म्हणून, म्हणजे खालच्या पायरीवर. पुढे १७५५ मध्ये त्याच पीठाचा खजिना त्याच्या हाती आला, ही गंमत निराळी. त्याच्या एका चित्रात पेलाभर पाणी, कॉफीचे एक काळवंडलेले भांडे आणि लसणाचे कांदे आहेत. दुसरे फारसे काही नाही. परंतु त्या पाण्यापुढे मनुष्य उभा राहतो. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्तीने दिलेल्या ज्या वस्तू स्वीकारीन म्हणून सांगितले त्या चारच: पान, फूल, फळ, पाणी. चित्रकारांच्या उतरंडीतली तळाची पायरी ती हीच. आमच्या परंपरेत वाढलेल्याने तरी या विषयांना क्षुद्र म्हणू नये.

तथापि आक्षेपाचा खरा दंश अजून शिल्लक आहे. पूजेत आपण ‘न मम’ म्हणतो. वाहिलेले फूल उद्या निर्माल्य होते, आणि त्यातच त्याची शोभा आहे. चित्र मात्र धरून ठेवते. पॅरिसचा माने हा चित्रकार १८८२ आणि १८८३ साली दुखण्याने खिळला असता, स्नेह्यांनी आणलेले गुच्छ छोट्या कापडांवर रंगवीत होता. काचेच्या पात्रातले पाण्यात बुडालेले देठही त्याने फुलांइतक्याच मायेने रंगवले. ३० एप्रिल १८८३ रोजी एक्कावन्नाव्या वर्षी तो गेला. फुले गेली, माणूस गेला, चित्रे मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. हा लोभ म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. पण टिकणे आणि मालकी यांत भेद केला पाहिजे. आमच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीची कामे आहेत. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन, तो ओला असतानाच कोरून पांढऱ्या रेषा उघड्या करीत. त्या वेलींची फुलेही कोमेजत नाहीत. परंतु ती कोणाची म्हणून विचारले, तर देवळाची, एवढेच उत्तर येते. दोष टिकण्याचा नाही. कोपऱ्यातल्या सहीसाठीच जो फूल रंगवतो त्याचा आहे. चित्र विकण्यात मात्र आम्हांस गैर दिसत नाही. माळा विकणाराही पोट भरतो.

खुडण्याच्या बाबतीत आमचे मत वडील मंडळींच्या बाजूचे आहे. देवळाच्या बागेतले फूल चित्रासाठी घेऊ नये, परडीतले तर नाहीच. अंगणातले फूल झाडावर असतानाच रंगवावे. पारिजात, बकुळ आपण होऊन खाली येतात, ती आहेतच. आणि देवावरून उतरलेले फूल मस्तकी लावून, विसर्जनापूर्वी घटकाभर समोर ठेवले तर? येथे मतभेद होईल, हे आम्ही जाणतो. आमच्या मते त्याला हरकत नाही, कारण देवाचे देऊन झालेले असते. मिटलेल्या जास्वंदीचा लाल जांभळटाकडे झुकतो. तो रंग ताज्या फुलात सापडत नाही.

मात्र एक पथ्य पाळावे. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवल्यास तो आपोआप पेटू शकतो. त्या पसरून वाळवाव्यात, देव्हाऱ्यापासून दूर. आणि काही रंगांत शिसे व कॅडमियमसारखी विषारी द्रव्ये असतात. कुंचल्याचे धुवण देवळाच्या तळीत किंवा तुळशीच्या मुळाशी कधीही ओतू नये.