उलटी अक्षरे

रात्रीच्या रस्त्यावर दुकानाच्या माथ्याशी झळकणारी निऑनची तांबडी अक्षरे मनुष्याच्या श्वासाने घडलेली असतात, हे आपल्या ध्यानीही येत नाही. कारागीर काचेची पोकळ नळी ज्योतीवर धरतो. ती मऊ पडली की काही क्षणांतच तिला वाक द्यावा लागतो. वाकताना नळी आत दबू नये म्हणून तोंडात धरलेल्या रबरी नळीतून तो तीत हळूच फुंकर घालीत असतो. मग आतली हवा काढून थोडासा वायू भरावयाचा आणि हजारो व्होल्टांचा दाब लावावयाचा. तांबडा रंग तेवढा निऑनचा. निळ्यासाठी आरगॉन व पारा लागतो. ज्या नकाशावर हे काम चालते, त्यावर अक्षरे बहुधा उलटी काढलेली असतात. मजकूर न वाचताही काम उत्तम होऊ शकते. आमची शंका येथेच उद्भवते. त्या मजकुराचा जाब कारागिराने द्यावा काय?

फलक फसव्या औषधाचा असला तरी पाप दुकानदाराचे, असे आम्ही बरीच वर्षे मानीत होतो. परंतु या दिव्याच्या जनकाची हकीकत वाचल्यापासून ते समाधान टिकत नाही. रॅम्से व ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये लंडन येथे निऑन शोधला. त्याच्या नळ्या १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात पेटवून दाखविल्या त्या जॉर्ज क्लोद याने. हवेचे द्रवीकरण करून प्राणवायू काढणे हा त्याचा उद्योग; निऑन त्यातले उरलेसुरले. अशा उरल्यासुरल्यातून प्रकाश निर्माण करणाऱ्याविषयी कोणास आदर वाटणार नाही? याच क्लोदने जर्मनांनी फ्रान्स व्यापल्यावर त्यांच्याशी सहकार्य करण्याचा उघड प्रचार केला, आणि १९४५ मध्ये त्यास जन्मठेप झाली. जर्मनांच्या उडत्या बाँबला साहाय्य केल्याचा आरोप न्यायालयाने मानला नाही. शिक्षा झाली ती यंत्राबद्दल नव्हे, शब्दांबद्दल.

एवढ्यासाठी त्याच्या दिव्याकडे पाठ फिरवावी, असे आम्हांस वाटत नाही. क्लोद आणि नळी वाकविणारा गरीब कारागीर यांस एका तराजूत घालणेही अन्यायाचे. एकाने शब्द स्वतः निवडले, दुसऱ्यास पोटाची अडचण असते. तथापि काम संपल्यावर कारागीर फलक सुलटा करून पेटवितो, नळी कोठे फिकी पडली आहे काय ते पाहतो. त्या घटकेस अक्षरे त्याच्यासमोर सरळ उभी असतात, आणि त्यास वाचता येते.