रिकाम्या घागरी

धाम नदीच्या काठच्या एका गावात ग्रामसभा भरली होती. गावच्या जुन्या विहिरीवर दगड बसवायचा होता आणि त्यावर नाव कोणाचं कोरायचं, यावर वाद पेटला होता.

एके काळी त्या विहिरीवर वस्तीतल्या बायकांना येऊ देत नसत. त्यांनी नदीच्या वाळूत झिरे उकरायचे आणि वाटीवाटीनं घागर भरायची. संविधानाच्या सतराव्या कलमानं 1950 मध्ये अस्पृश्यता संपवली. 1955 मध्ये ती पाळणाऱ्याला शिक्षा सांगणारा कायदा आला. गावात दवंडीही झाली, पण झिरे काही सुटले नाहीत. मग एका उन्हाळ्यात मालगुजारांनी स्वतः दोर हातात घेतला, पाणी शेंदलं आणि वस्तीतल्या एका बाईच्या घागरीत ओतलं. त्या दिवसापासून विहीर सगळ्यांची झाली.

"म्हणून दगडावर माझ्या आजोबांचं नाव पाहिजे," मालगुजारांचा नातू म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. आजोबांना त्यापायी भाऊबंदांनी वाळीत टाकलं होतं.

निवृत्त गुरुजी उठले. "आपल्या वर्ध्याचंच बघा. लक्ष्मीनारायणाचं देऊळ बजाज घराण्याचं. 1928 च्या जुलैत जमनालालजींनी ते दलितांना खुलं केलं, आपल्याच लोकांचा रोष पत्करून. त्याचं मोल मोठं आहे. पण आदल्या वर्षी महाडला काय घडलं, तेही ऐका. चवदार तळं सर्वांना खुलं, असा ठराव तिथल्या नगरपालिकेनं 1924 मध्येच केला होता. तीन वर्षं तो दप्तरात पडून राहिला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. त्यासाठी माणसांनी डोकी फोडून घेतली. कोर्टकज्जा चालला तो 1937 पर्यंत."

"पण गुरुजी, बर्लिनची भिंत तर एका रात्रीत उघडली," मागून कॉलेजातली एक मुलगी म्हणाली.

"एका रात्रीत?" गुरुजी म्हणाले. "1961 पासून त्या शहराचे दोन तुकडे होते. भाऊ इकडे, बहीण तिकडे. 1989 च्या शरदात लाइपझिग शहरात माणसं दर सोमवारी रस्त्यावर येऊ लागली. 9 ऑक्टोबरला सत्तर हजार जण आले. गोळ्या झाडतील अशी भीती होती, तरी आले. पुढच्या महिन्यात, 9 नोव्हेंबरला, शाबोव्स्की नावाच्या पुढाऱ्यानं पत्रकारांसमोर प्रवासाचे नवे नियम वाचले. ते दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचे होते. कधीपासून, असं कोणी विचारलं तर तो गोंधळला आणि 'लगेच' म्हणून गेला. तेवढं ऐकून लोक नाक्यांवर जाऊन उभे राहिले. बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या नाक्यावर येगर नावाचा अधिकारी होता. तो वरिष्ठांना फोनवर फोन करत राहिला, पण स्पष्ट हुकूम मिळेना. समोर गर्दी वाढतच होती. शेवटी रात्री साडेअकराच्या सुमारास त्यानं फाटक उघडायला लावलं. त्याचंही धाडस खरंच. पण गर्दी घरी बसली असती, तर त्यानं ते कोणासाठी उघडलं असतं?"

सभेत कुजबुज झाली. तेवढ्यात वस्तीतली म्हातारी आजी काठी टेकत उभी राहिली.

"मालगुजारानं पानी घातलं ते माह्या मायच्या घागरीत," ती म्हणाली. "म्या तिचा पदर धरून उभी होती. देवमानूस होता तो. पन त्याच्या आंधी काय झालं, ते कोनी सांगत नाही. दवंडी झाली त्या दिवसापासून वस्तीतल्या साऱ्या बाया रोज सकाळी रिकाम्या घागरी घेऊन विहिरीपाशी जाऊन बसत. कोनी शिव्या देत, कोनी खडे मारत. एक घागर तं माह्यासमोर फुटली. ऊन चढलं की बाया उठत, झिऱ्यावर जात, अन् दुसऱ्या दिवशी परत येत. मालगुजाराले रोज त्याईच्याकडं पाहावं लागे. मंग एक दिवस त्याच्यानं पाहवलं नाही. विहीर कोनी उघडली, एवढंच नोका इचारू, बापू. तिच्यापाशी कोन बसून होतं, तेबी इचारा."

नातू बराच वेळ गप्प होता. मग त्यानं आजीच्या शेजारी बसून वही उघडली. "नावं सांग आजी. सगळ्यांची. आजोबांचं शेवटी लिहितो."

आजीला सगळी नावं आठवली नाहीत. जी आठवली ती तिनं सांगितली. दोन नावं इतर म्हाताऱ्यांनी भरली. अकरावं नाव लिहून होतं न होतं, तोच ती मघाची मुलगी पुन्हा उठली.

"अन् स्मशानातल्या शेडचं काय? शेड ग्रामपंचायतीचं. कागदावर सगळ्यांचं. मागच्या श्रावणात माझ्या काकांना भर पावसात नाल्याच्या काठी जाळलं. लाकडं पेटेनात."

ग्रामसेवक म्हणाले, "नियमानं कोणाला मनाई नाही. रीतसर अर्ज द्या, बघतो."

"अर्ज कशाला?" नातू म्हणाला. "यापुढे वस्तीतलं मयत त्या शेडखालीच जाईल. खांदा द्यायला मी येतो."

त्याच्यामागं गुरुजी उठले. कोपऱ्यातून एक शेतकरी उठला. बाकीचे खाली बघत राहिले.

आजीनं बोटांवर मोजलं. "तीन झाले," ती त्या मुलीला म्हणाली. "उद्या सकाळी घरोघर जाऊन आनखी इचारू. मी येतो तुह्यासंगं."