खैरात की कामाची जागा?

जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात बसलेल्या अपंग माणसाच्या हातावर आपण दोन-पाच रुपये ठेवतो आणि सवाब मिळाल्याच्या समाधानाने घरी जातो. रमजानमध्ये जकात, फितराही देतो. ते दिलेच पाहिजे. पण त्याच माणसाला आपण आपल्या दुकानात कामाला ठेवू का? त्याने स्वतःचे दुकान टाकले, तर तिथे सौदा घ्यायला जाऊ का?

हजरत अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम (रजि.) अंध होते. तरीही मदिनेत प्रेषितांनी (स.) त्यांच्याकडे अजानचे काम सोपवले. त्यांना उजाडलेले दिसत नसे. लोक त्यांना 'पहाट झाली' असे सांगत, मग ते अजान देत आणि ती ऐकून रोजेदार सेहरी थांबवत. हा प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. त्यांचे अंधत्व दूर झाले नव्हते. बदलली होती ती कामाची रीत. चार लोकांनी एक वाक्य सांगायची जबाबदारी घेतली, एवढेच. मग आपल्या दुकानाची पायरी उतरती करणे, गल्ला हाताला येईल असा ठेवणे आपल्याला जड का वाटावे?

आपल्या कोल्हापुरातच याचे उदाहरण आहे. ऐन तारुण्यात कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या नसीमा हुरजूक यांना बाबूकाका दिवाण या अपंग व्यावसायिकाच्या भेटीने उमेद दिली. चाकाच्या खुर्चीतून त्यांनी सरकारी नोकरी केली आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. पुढे सिंधुदुर्गात संस्थेने अपंगांच्या हातांनी चालणारा काजू प्रक्रियेचा उद्योगही सुरू केला.

जायबंदी सैनिकाचेही असेच आहे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या जवानांना हुन्नर शिकवण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. सैनिक टाकळीसारखे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे जवानाचा सत्कार सगळेच करतात. पण निवृत्तीनंतर त्याने वर्कशॉप काढले, तर त्याला सत्कारापेक्षा कामाची ऑर्डर हवी असते.

२०१६ च्या कायद्याने अपंगांसाठी सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा तीनवरून चार टक्के केल्या. आपल्या गल्लीतल्या बेकरीला, गॅरेजला ही टक्केवारी लागू नाही. तिथे आपली नियतच कायदा आहे.

कोणी म्हणेल, धंद्यात दया चालत नाही. अगदी खरे, आणि ती मागितलीही जात नाही. काजू खवट निघाला, तर कुणाच्याही दुकानात परत करतो तसा इथेही परत करावा. दया दाखवून वाईट माल ठेवून घेणे म्हणजे पुन्हा खैरातच.

मात्र एक भान ठेवायला हवे. ज्याचे शरीर कोणतेच काम करू शकत नाही, त्याची इज्जत कमाईवर ठरत नाही. जकातीत त्याचा हक्क आहे आणि तो त्याला मान खाली घालायला न लावता पोहोचला पाहिजे. पण ज्याला काम करता येते, त्याला केवळ पैसे देऊन परत पाठवणे ही मदत नव्हे. येत्या रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडताना अशा एखाद्या गरजू माणसाला शिलाई मशीन घेऊन द्यावे. आणि ईदचे कपडे त्याच्याकडेच शिवायला टाकावेत.