पेंद्याला हरिविजय ठाऊक असतो

कॅनडाच्या केट बीटन यांनी २००७ मध्ये इंटरनेटवर ‘हार्क! अ व्हेग्रंट’ ही चित्रमालिका सुरू केली. तिच्या एका भागात कादंबरीकार ब्राँटे बहिणी रस्त्याने जाणारे पुरुष न्याहाळतात. शार्लट आणि एमिली उर्मट, धुमसत्या गड्यांवर लट्टू होतात. धाकट्या ॲनला त्यांत आवडण्यासारखं काहीच दिसत नाही. चित्र बघून कुणालाही हसू येतं. पण ॲनने दारुड्या नवऱ्याचं घर सोडणारी नायिका लिहिली होती, हे माहीत असणाऱ्याला त्या हसण्यात तिघींच्या कादंबऱ्यांमधलं भांडण ऐकू येतं.

असा विनोद शहरी, इंग्रजी शिकलेल्यांचाच, असं मानण्याचं कारण नाही. कडेगावच्या आसपास, सांगली-साताऱ्याच्या जत्रांमध्ये तो तमाशाच्या कनातीत रंगत आला आहे. गण आटोपला की गौळण लागते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या अडवतात, दही-दुधाचं दाण मागतात. गौळणींची मावशी म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. ती पदर खोचून पुढे येते आणि साक्षात देवाला गावच्या उनाड पोरासारखी झापते. तू कुणाचा कोण, विचारते. पेंद्या प्रत्येक प्रश्नाचा भलताच अर्थ लावतो. बघता बघता एस्टी, बाजारभाव, पंचायतीची निवडणूक सगळं गोकुळात शिरतं. समोर कोण उभा आहे हे मावशीला कळत नाही, प्रेक्षकांना पहिल्यापासून कळलेलं असतं. सगळी गंमत या अंतरात आहे.

हे अंतर प्रेक्षकाला कुठून मिळालं? श्रावणातल्या पोथीतून आणि कीर्तनातून. सांगोल्याजवळच्या नाझऱ्याच्या श्रीधरांनी १७०२ मध्ये कृष्णकथा सांगणारा ‘हरिविजय’ पूर्ण केला आणि ज्याला अक्षरओळख नव्हती त्याच्याही कानावर तो पडत राहिला. कडेगावात मोहरमला उंच ताबुतांच्या भेटी होतात, त्यात हिंदू-मुसलमान दोघांचा हात असतो. कथा तिथे एका घराच्या मालकीची राहत नाही. कवलापूरच्या खाडे कुटुंबातल्या जुळ्या भावांची नावं लहू आणि अंकुश. पुढे काळू-बाळू म्हणून त्यांनी ‘जहरी प्याला’ वगात हवालदार रंगवले आणि एका चेहऱ्याच्या दोन पोलिसांनी महाराष्ट्राला हसवलं. लव-कुशांच्या नावांनी बारशालाच रामायण सोबत आलं होतं.

संदर्भ म्हणजे पांडित्याचं प्रदर्शन, हे मला पटत नाही. सोंगाड्या संदर्भ समजावत बसत नाही, समोरच्याला ठाऊक आहे असं धरून चालतो. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके दररोजच्या बातम्या राजाच्या दरबारात आणू शकले, कारण वगातला राजा आणि कोतवाल प्रेक्षकांच्या ओळखीचे होते. ओळखीचा पाया नसेल तर विसंगती दिसणार कशाशी?

म्हणूनच मला काळजी वाटते ती फडांइतकीच ऐकणाऱ्यांची. गोकुळच माहीत नसलेल्या मुलाला पेंद्या फक्त वेडेवाकडे हातवारे करणारा माणूस वाटेल. मोबाइलवर चित्रं काढणारी मराठी मुलं आज पुष्कळ आहेत आणि त्यांच्या रेषेत ताकद आहे. त्यांनी बकासुराकडे निघालेला भीमाचा गाडा साखर कारखान्यासमोरच्या उसाच्या रांगेत अडकवून बघावा. तिकडे बकासुर भुकेने ओरडतोय, पुढचा ट्रॅक्टर हलत नाही, आणि गाड्यावरचं अन्न भीम एकेक घास करून संपवत चालला आहे.