हसला तो, पण लगाम सोडला नाही



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ९ आणि १०.

प्रसंग आपल्या सगळ्यांना पाठ आहे. अर्जुन "मी लढणार नाही" म्हणून गप्प बसला आहे. दोन्ही बाजूंना सैन्य उभं आहे. आणि संजय धृतराष्ट्राला सांगतो, की त्या खचलेल्या अर्जुनाशी श्रीकृष्ण जणू हसतच बोलू लागला.

इतकी वर्षं हा श्लोक वाचते आहे, पण त्या हसण्यावर कधी थांबले नव्हते. पुढच्या श्लोकापासून भगवंताचा उपदेश सुरू होतो, त्यामुळे आपण घाईने तिकडे जातो. या आठवड्यात मात्र मी इथेच अडकले. कारण सध्या माझ्यावर सगळे हसत आहेत!

झालं असं, की गेल्या महिन्यात मी पोहायला शिकायचा फॉर्म आणला. वय बासष्ट. नातवाने कुठूनसा 'बकेट लिस्ट' हा शब्द आणला आणि घरात प्रत्येकाला विचारत सुटला, "तुझी काय?" माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "मला पोहायचंय." मग काय, जेवणाच्या टेबलावर हशा. आमचे हे म्हणाले, "इंग्लिश खाडी पार करायचीय का आता?" नातू म्हणाला, "आजी कॉस्च्युम घालणार!" भिशीत बातमी पोचली तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "अगं, गुडघे सांभाळ आधी."

मीही हसले. हसण्यावारी नेलं की बरं असतं. पण रात्री झोप लागेना. राग कुणाचा आला नव्हता. आठवण आली होती, ती आईची.

माझी आई कृष्णाकाठची. लहानपणी पाठीला सुक्या भोपळ्यांची सांगड बांधून विहिरीत पोहायला शिकलेली, आणि मग नदीच्या डोहातही पोहणारी. लग्न झालं आणि ते संपलं. सून नदीवर जायची ती धुणं घेऊन. सत्तरीच्या आसपास असताना आम्ही तिला नरसोबाच्या वाडीला घेऊन गेलो होतो. दर्शन झालं. ती घाटाच्या पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मला एकदा पोहायचंय गं."

आम्ही भावंडं हसलो. सगळ्यात मोठ्याने मी. "आई, तुला पायऱ्या धड उतरता येत नाहीत आणि पोहतेस काय!" तीही हसली. ओला पदर पिळला आणि वर आली. त्यानंतर ती आठ-नऊ वर्षं होती, पण तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

आमच्या मनात वाईट काही नव्हतं. काळजीच होती. पण मी दोन पायऱ्या उतरून तिचा हात धरला असता, कमरेएवढ्या पाण्यात तिला जरा टेकू दिला असता, तर काय बिघडलं असतं? मी हसले आणि गाडीकडे चालू लागले. आता माझ्यावर कुणी हसलं की जे टोचतं, त्यात निम्मं ते माझंच हसणं असतं.

म्हणून भगवंताचं हसणं मी पुन्हा पुन्हा वाचलं. अर्जुन ज्या अवस्थेत होता, त्या अवस्थेतल्या माणसासमोर हसणं तसं क्रूर वाटावं. पण हसणारा कुठे आहे ते बघा. तो रथावर आहे, घोड्यांचे लगाम त्याच्या हातात आहेत, आणि पुढचे सतरा अध्याय तो त्या एका माणसाच्या प्रश्नांना उत्तरं देत बसणार आहे. ज्ञानेश्वर माउली या जागी आईच्या रागात दडलेल्या मायेचा आणि औषधाच्या कडूपणात असलेल्या अमृताचा दाखला देतात. म्हणजे हसणं वाईट की चांगलं, हे त्या हसण्यावरून कळतच नाही. हसून झाल्यावर माणूस थांबतो की निघून जातो, यावरून कळतं.

आता एक अडचण आहे, आणि ती मी लपवणार नाही. गीतेतच दुसऱ्या अध्यायाच्या शेवटाकडे समुद्राचा दृष्टान्त आहे. चहूकडून पाणी येऊन मिळतं तरी समुद्र ढळत नाही, तसा जो असतो त्याला शांती मिळते. इच्छांच्या मागे धावणाऱ्याला नाही. मग बासष्टाव्या वर्षी ही नवी इच्छा कशाला? जप करावा, पोथी वाचावी, इच्छा कमी कराव्यात. एका जवळच्या बाईंनी मला हेच सुनावलं, आणि त्यांचं म्हणणं मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. कारण त्यात तथ्य होतं.

उत्तर शोधताना सातव्या अध्यायातला अकरावा श्लोक सापडला. तिथे भगवंत म्हणतात, की धर्माच्या विरोधात न जाणारी जी इच्छा प्राण्यांमध्ये असते, ती मी आहे. म्हणजे इच्छा सरसकट टाकून द्यायची वस्तू नाही, ती तपासून घ्यायची आहे. मी कागद घेऊन बसले. माझ्या पोहण्यामुळे कुणाच्या वाट्याचं काही जातं का? नातवाला शाळेतून आणायची वेळ जात होती, म्हणून सकाळची महिला बॅच घेतली. गुडघ्यांचा प्रश्न होता, डॉक्टरांना विचारलं; ते म्हणाले, पाण्यात गुडघ्यांवर भार कमी येतो, खुशाल जा. पैसे माझ्या भिशीचे. राहिलं काय? फक्त लोकांचं हसणं. आणि लोक हसतात म्हणून इच्छा चुकीची ठरत नाही. तशीच ती बरोबरही ठरत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. कधी कधी हसणारे खरंच शहाणे असतात. पण मग त्यांना कारण विचारावं. कारण नसेल तर नुसत्या हसण्याला उत्तर देत बसू नये.

दुसरा प्रश्न याहून अवघड. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं आहेत. निंदा आणि स्तुती त्याला सारखीच, मान आणि अपमान सारखाच. मी अनेक वर्षं समजत होते, की आधी हे जमलं पाहिजे, मग धाडस करावं. पण दुसऱ्या अध्यायात तेच भगवंत अर्जुनाला काय सांगतात? रण सोडलंस तर लोक तुझी अपकीर्ती गातील, वैरी तुझ्या सामर्थ्याला नावं ठेवतील. म्हणजे लोक काय म्हणतील याचा अर्जुनावर परिणाम होतो, हे देवाला माहीत आहे. तो अर्जुन जिथे उभा आहे तिथूनच त्याला उचलतो. निंदास्तुती सारखी वाटणं हा मुक्कामाचा गाव आहे, निघायची अट नव्हे. हसणं लागणारच. लागलं तरी फॉर्म भरता येतो.

तर मी जाते आहे. पहिले चार दिवस कठड्याची दांडी सोडली नाही. पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढणं, एवढाच अभ्यास. शिकवणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची असेल. पाचव्या दिवशी तिने मला पाठीवर आडवं केलं. मी अंग ताठ केलं, मान उचलली, आणि पाय खाली गेले, नाकात पाणी. ती खळखळून हसली. "आजी, पाणी खात नाही हो माणसाला! डोकं मागे टाका, छातीत हवा भरून घ्या." हसताना तिचा तळवा माझ्या पाठीखाली तसाच होता. छाती हवेने भरली की शरीर पाण्याहून किंचित हलकं होतं आणि तरंगतं. धडपड केली, मान वर काढली की बुडतं. हे ऐकायला सोपं आहे. तिचा हात होता म्हणून मला करता आलं. काल तिने हात काढून घेतला आणि मी बारा अंक मोजेपर्यंत तरंगले. बारा!

ह्यांच्या इंग्लिश खाडीचंही सांगते. आरती साहांनी १९५९ साली ती पार केली. पण त्याच वर्षी ऑगस्टमधला त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता, सप्टेंबरात त्या पुन्हा उतरल्या. हे मी घरी सांगितलं तेव्हा हे पुन्हा हसले. मात्र गेल्या सोमवारपासून मला तलावावर सोडायला स्कूटर काढतात. हसतच काढतात. मला आता त्या हसण्याचं काही वाटत नाही.

कृष्णेत पोहायची माझी ताकद नाही आणि तसलं धाडस मी करणारही नाही. पण दिवाळीनंतर वाडीला जाणार आहे. त्याच पायरीवर उभी राहून आईची क्षमा मागायची आहे.

आजचा प्रश्न, स्वतःला विचारण्यासाठी : आपल्या घरात कुणी एखादी इच्छा एकदाच बोलून दाखवली आणि पुन्हा काढली नाही, असं आहे का? ती व्यक्ती अजून असेल तर आजच विचारा.

आजची प्रार्थना : पांडुरंगा, माझ्यावर कुणी हसलं तर मला पुढचं पाऊल टाकू दे. आणि मी कुणावर हसले, तर माझा हात त्याच्या पाठीखाली राहू दे.

रामकृष्ण हरी.